डोंगरावरचे मों-दोफँ
(जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



फ्रान्समध्ये काय पाहिलेस ते पाच मिनिटांत सांग, अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. पॅरिसचे वर्णन सगळेच करतात. मी आल्प्स पर्वतातल्या मों-दोफँ नावाच्या तटबंदीच्या गावाविषयी सांगतो.

पॅरिसहून रात्रीच्या आगगाडीने निघालो आणि सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. वर पाहिले तर दोन नद्यांच्या संगमावर उभा कडा, आणि कड्यावर तट. १६९२ साली सॅव्हॉयचा ड्यूक फौज घेऊन या भागात घुसला होता. म्हणून चौदाव्या लुईच्या व्होबाँ या दुर्गरचनाकाराने पुढच्याच वर्षी, १६९३ साली, हे ठाणे आखले. तेव्हा आपले राजाराम महाराज जिंजीला मोगलांच्या वेढ्यात होते.

सरळ रस्ते, जवळच्याच खाणीतला गुलाबी दगड, सैनिकांच्या बराकी, दारूगोळ्याची कोठारे. सारे राजाच्या खर्चाने. आणि गंमत अशी की, या किल्ल्याला कधी वेढा पडलाच नाही! १९४० च्या जूनमध्ये मात्र इटालियन विमानाने बॉम्ब टाकला आणि शस्त्रागाराचा मोठा भाग गेला. आकाशातून येणाऱ्यापुढे तट काय करणार?

पण मला सांगायचे आहे ते तिथल्या चर्चविषयी. तट उभा राहिला की लोक येतील, मोठे गाव वसेल, असा व्होबाँचा हिशेब. चर्चही त्याच मापाचे आखले. लोक तेवढे आलेच नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर गाभारा तेवढा पुरा झाला, सभामंडप राहिला तो राहिलाच. आज गावाची वस्ती दीडशेच्या आसपास आहे.

२००८ साली युनेस्कोने व्होबाँची बारा ठाणी जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात हे आहे. २०२५ साली आपलेही बारा किल्ले त्याच यादीत गेले, जिंजीसुद्धा. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

तरी त्या गाभाऱ्यात बसलो असताना मला वारसा वगैरे काही आठवला नाही. खोटे कशाला बोलू, आठवले ते माझ्या घराचे कुलूप. वर्गणी मी दरसाल वेळेवर पाठवतो, पण त्या घरात चोवीस वर्षांत दिवा लागलेला नाही.

यंदा सप्ताहाला सातही दिवस मुक्कामाला येतो आहे. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती, ती आज सकाळीच मागून घेतली.