रक्ताच्या एका थेंबाची साक्ष



मधुमेह असलेल्या अनेक घरांत आज ग्लुकोमीटर असतो. रक्ताचा थेंब पट्टीला लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो. तो कोठून येतो आणि त्यावर किती विसंबावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

१९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची, जोड देण्याची कल्पना मांडली. अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारे हे विकर रक्तातील असंख्य पदार्थांतून ग्लुकोज निवडून त्याचे ऑक्सिडीकरण करते. आजच्या अनेक पट्ट्यांत या क्रियेतील इलेक्ट्रॉन एक मध्यस्थ रसायन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचविते. ग्लुकोज जितके अधिक, तितका विद्युतप्रवाह अधिक. यंत्र त्याचेच आकड्यात रूपांतर करते. १९८७ मध्ये अशा तत्त्वावरील पेनाच्या आकाराचे यंत्र बाजारात आले.

विकर आपले काम चोख करते; परंतु ग्लुकोज रक्तातील की बोटावरील, हे त्याला कळत नाही. माझ्या परिचयातील एका आजोबांनी आंबा सोलून हात न धुताच तपासणी केली. आकडा आला ३१०. घाबरून ते इन्सुलिनची जादा मात्रा घेणार, तोच सूनबाईंनी हात धुवावयास लावले. पुन्हा तपासले, तेव्हा आकडा होता १४८! ती जादा मात्रा जिवावर बेतली असती.

म्हणून साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. दमट हवेने विकर निकामी होते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० वा त्यावरील वाचनात १५ टक्क्यांपर्यंत फरक ग्राह्य आहे. म्हणजे २०० हा आकडा १७० ते २३० यांपैकी काहीही सांगत असू शकतो. आकडा व प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर प्रयोगशाळेत तपासणी करावी.

इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. उपवासात साखर ७० च्या खाली गेली, तर तत्काळ साखर घ्यावी. तेथे विलंब करणे म्हणजे तप नव्हे, जिवाशी खेळ आहे.

यंत्र साक्ष देते. निर्णय विवेकानेच घ्यावयाचा असतो.