शेकडा साठ म्हणजे काय?

पडद्यावरची शेती हा हल्लीच्या मुलांचा आवडता खेळ झाला आहे. आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी आलेला दहा वर्षांचा नातू त्यात इतका गढून गेला होता की, त्याला मातीतली शेतीही दिसावी म्हणून मी त्याला निफाड तालुक्यातील एका परिचित बागाइतदारांच्या द्राक्षमळ्यात घेऊन गेलो. त्याच्या खेळात प्रत्येक वाफ्यावर एक आडवी पट्टी असते. पीक वाढेल तसतशी ती भरत जाते आणि शेजारचा आकडा शेकड्याकडे सरकतो. त्या सवयीने त्याने बांधावरूनच विचारले, “काका, तुमची बाग किती टक्के झाली?” बागाइतदार हसले. “टक्के कसले रे बाळा? बत्तीस दिवसांचा प्लॉट आहे, दोडा अवस्था. आता डावणी रोगाला जपायचं.”

या उत्तरात छाटणीपासूनचे दिवस, वेलीची अवस्था आणि समोर उभे असलेले काम अशा तीन गोष्टी होत्या. पट्टीत मात्र केवळ परिमाण होते. पिकाची प्रगती स्पष्ट दाखवायची, तर ती या तीन अंगांनी दाखवली पाहिजे, एवढेच मला आज निवेदन करावयाचे आहे.

खेळ रचणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. 2009 मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये वाफ्यावर खूण नेली की शेकडेवारी दिसे, 2016 च्या ‘स्टारड्यू व्हॅली’ने आकडा गाळून रोपाचे बदलते चित्र तेवढे ठेवले, त्यामुळे उरलेले दिवस खेळणाऱ्यालाच मोजावे लागतात, आणि ज्या ‘फार्मिंग सिम्युलेटर 22’मध्ये 2021 साली द्राक्षवेलही आली, त्यात शिवाराच्या नकाशावर निरनिराळे रंग भरून पिकांच्या अवस्था दर्शविल्या जातात. यांपैकी रंगांचा मार्ग मला आमच्या बागाइतदारांच्या रीतीला अधिक जवळचा वाटतो.

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की बागेचे वय त्या दिवसापासून मोजतात. प्रथम डोळे फुगून पोंगा येतो; मग फुटवे, घड, दोडा, फुलोरा; पुढे मणी बाजरीएवढा, ज्वारीएवढा होत फुगू लागतो; आणि एके दिवशी कठीण हिरवा मणी मऊ होऊन त्यात किंचित पारदर्शकता येते, त्याला ‘पाणी उतरले’ असे म्हणतात. बहुधा एकशे दहा ते एकशे तीस दिवसांत काढणी येते. यातील प्रत्येक नावाबरोबर विरळणी, फवारणी, पाण्याची पाळी असे कोणते तरी काम बांधलेले असते; म्हणून ते नाव उच्चारताच गडीमाणसे कामाला लागतात. “बाग शेकडा साठ झाली” असे सांगून कोणता गडी कात्री हाती घेईल?

सरकारदप्तराला मात्र आकडा लागतोच. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, या हिशेबाने आणेवारी ठरत असे. नाणी दशमान झाल्यावर तिची पैसेवारी झाली. परंतु तिथेही एका आकड्यावर निकाल दिला जात नाही. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीन वेळा पैसेवारी जाहीर होते, कारण मधल्या काळात पाऊस आणि रोग यांना आपले म्हणणे मांडावयाचे असते.

खेळातील पट्टीला हेच मान्य नसते. ती घड्याळाच्या काट्यासारखी पुढेच सरकते. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा मण्यांची फुगवण थबकते आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. दिवस वाढतात, पीक वाढत नाही. म्हणून पट्टीवर अवस्थांच्या खाचा पाडाव्यात, प्रत्येक खाचेशी तिचे नाव आणि काम लिहावे, दिवसांचा आकडा वेगळा ठेवावा, आणि थंडीत पट्टी थांबली तर ती का थांबली हे सांगावे. इतके केले, तर खेळणाऱ्याला वाट पाहण्यापलीकडेही काही करता येईल.

नाताळच्या सुट्टीत नातवाचा दूरध्वनी आला. बोटांवर मोजून त्याने विचारले, “आजोबा, काकांचा प्लॉट आता ऐंशी दिवसांचा झाला ना? पाणी उतरलं का?” मी म्हटले, “नाही रे. थंडी फार आहे.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “मग शेकोट्या पेटवल्या असतील.”