धाकट्या पातीचीं क्रीडांगणें

परक्या गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची तर प्रवाशानें प्रथम कोठें जावें, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात बाजारांत जावें, कोणी म्हणतात देवळांत, कोणी म्हणतात नदीच्या घाटावर. अमेरिकेपुरतें मला विचाराल तर मी सांगेन कीं, उन्हाळ्यांतल्या एखाद्या संध्याकाळीं तेथील बेसबॉलच्या एखाद्या धाकट्या क्रीडांगणांत जाऊन बसावें. 2019 सालीं मला अशीं तीन क्रीडांगणें पाहण्याचा योग आला. त्यांपैकीं सर्वांत आवडतें कोणतें, हा प्रश्न तेव्हांपासून मला अनेकांनीं विचारला आहे. त्याचें उत्तर देण्यास मीं फार उशीर केला. तें आज देतों.

ज्या श्रोत्यांस या खेळाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. बेसबॉलचें आपल्या क्रिकेटशीं दूरचें नातें आहे. एक गडी चेंडू फेंकतो, दुसरा गोल दांड्यानें तो टोलवितो, आणि चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना शिवून मूळ जागीं परत आला म्हणजे एक धाव होते. तीन गडी बाद झाले कीं डाव संपला. असे प्रत्येक पक्षास नऊ डाव. नऊ डावांअंतीं बरोबरी असली तरी सामना सोडून देत नाहींत. कोणी तरी जिंकेपर्यंत डावामागून डाव चालतात. हा शेवटचा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या खेळाच्या घराण्यांत दोन पाती आहेत. थोरल्या पातीचे तीस संघ न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन अशा मोठ्या शहरांत नांदतात. धाकट्या पातीचे संघ लहान शहरांत असतात. तेथें तरुण गडी उमेदवारी करतात आणि पायरी पायरीनें वर चढण्याची आशा धरून असतात. त्यांचा पगार थोरला संघ देतो आणि त्याला हवा असेल तेव्हां गड्याला वर बोलावून घेतो. या व्यवस्थेला तिकडे ‘शेत’ असेंच म्हणतात. रोपें येथें वाढवावयाचीं आणि पीक दुसरीकडे न्यावयाचें. सेंट लुईसच्या संघाचे चालक ब्रांच रिकी यांनीं 1920 नंतरच्या दशकांत ही पद्धत रुजविली. 1949 सालीं या धाकट्या पातीच्या 59 साखळ्या होत्या. पुढें घरोघर दूरचित्रवाणी आली, थोरल्या पातीचे सामने बसल्या जागीं दिसूं लागले, आणि लहान गांवचीं मैदानें ओस पडूं लागलीं. 2021 च्या आरंभीं थोरल्या पातीनें संलग्न संघांची संख्या 160 वरून 120 वर आणली. तेव्हां एखाद्या गांवाचा संघ जाणें ही तेथें काल्पनिक भीति नाहीं.

मीं प्रथम पाहिलें तें उत्तर कॅरोलिना संस्थानांतील डरहॅम येथील क्रीडांगण. हें शहर तंबाखूवर वाढलें. संघाचें नांव बुल्स, म्हणजे बैल. 1988 सालीं ‘बुल डरहॅम’ नांवाचा एक बोलपट निघाला. धाकट्या पातींतच वय सरत आलेल्या एका गड्याची ती कथा आहे. त्या बोलपटानें हा संघ देशभर प्रसिद्ध झाला. 1995 सालीं तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या शेजारीं विटांचें नवें क्रीडांगण उभें राहिलें. त्याच्या डाव्या अंगास 32 फूट उंचीची निळी भिंत आहे, आणि वर एक भला थोरला बैल उभा केला आहे. घरच्या गड्यानें चेंडू कुंपणापार धाडला कीं बैलाचे डोळे चमकतात, शेंपटी हालते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. बैलावर चेंडू मारणाऱ्या गड्यास मांसाचें जेवण आणि त्याच्या पायांखालच्या गवतावर मारणाऱ्यास कोशिंबीर, असें बक्षीसहि तेथें लिहिलेलें आहे. मी पडलों शाकाहारी, तेव्हां माझें सारें लक्ष त्या गवताकडे होतें. पण त्या रात्रीं कोणासच कांहीं मिळालें नाहीं.

डरहॅममध्यें उणें काढावें असें कांहींच नव्हतें. आसनें प्रशस्त, व्यवस्था चोख, लोक आनंदी. तरीहि मला श्रीमंत आप्ताच्या घरीं जेवावयास गेल्यासारखें वाटलें. जेवण उत्तम होतें. परंतु जेवणाऱ्यानें सारा वेळ सांवरून बसावें लागतें.

तेथून मी अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम शहरीं गेलों. तेथील रिकवुड फील्ड हें व्यावसायिक बेसबॉलचें अमेरिकेंतील सर्वांत जुनें उभें असलेलें क्रीडांगण. रिक वुडवर्ड नांवाच्या लोखंडाच्या एका तरुण कारखानदारानें तें बांधविलें, आणि 18 ऑगस्ट 1910 रोजीं तेथें पहिला सामना झाला. शहराचा संघ 1987 नंतर दुसरीकडे खेळावयास गेला. परंतु जुन्या लोकांनीं हें मैदान मोडूं दिलें नाहीं. मी गेलों तेव्हां सामना नव्हता. दुपारचें ऊन रिकाम्या बांकांवर पडलें होतें, आणि लोखंडी खांबांच्या सांवलींत मी एकटाच फिरत होतों.

या मैदानावर गोऱ्यांचा ‘बॅरन्स’ हा संघ खेळे, आणि तो परगांवीं गेला असतां कृष्णवर्णीयांचा ‘ब्लॅक बॅरन्स’ हा संघ खेळे. हे दोन संघ एकाच मातींत घाम गाळीत, पण परस्परांसमोर उभे राहूं शकत नसत. 1950 सालच्या नगराच्या कायद्यानें गोऱ्यानें व काळ्यानें एकत्र पत्ते, सोंगट्या किंवा बेसबॉल खेळणें हा गुन्हा ठरविला होता. गोऱ्यांच्या सामन्यास येणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांस उजव्या अंगाच्या वेगळ्या बांकांवर बसावें लागे. 1948 सालीं विली मेझ हा सतरा वर्षांचा मुलगा ब्लॅक बॅरन्सकडून येथें खेळत होता. पुढें तो साऱ्या खेळांतील थोरांत थोर गडी म्हणून गणला गेला. 1961 चा हंगाम संपल्यावर दक्षिणेंतील ती जुनी साखळी मोडली आणि दोन वर्षें हें मैदान संघावांचून राहिलें. 1964 सालीं संघ परत आला तेव्हां गोरे आणि काळे गडी एका वेषांत, एका बांकावर बसले.

हें ऐकून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवावें अशी आपली स्थिति नाहीं. आमचा थोर गोलंदाज पालवणकर बाळू पुण्यास आपल्या संघाला सामने जिंकून देत असे, आणि चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत चहा मिळत असे. उजव्या अंगाच्या त्या बांकांवर मी थोडा वेळ बसलों, तेव्हां मला त्याची आठवण झाली. 20 जून 2024 रोजीं रिकवुडवर थोरल्या पातीचा एक सामना मुद्दाम भरविण्यांत आला. तो कृष्णवर्णीय गड्यांच्या स्मरणार्थ होता. विली मेझ त्याच्या दोनच दिवस आधीं, 93 व्या वर्षीं, निवर्तला. आपला सन्मान त्याला पाहतां आला नाहीं.

तिसरें क्रीडांगण ऱ्होड आयलंड संस्थानांतील पॉटकेट येथील मॅकॉय स्टेडियम. अमेरिकेंत पाण्याच्या शक्तीवर कापसाचें सूत काढणारी पहिली यशस्वी गिरणी 1793 सालीं याच गांवीं उभी राहिली. पुढें गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि गांवांत विटांच्या रिकाम्या इमारती उरल्या. मुंबईच्या गिरणगांवांत वाढलेल्या मनुष्यास त्या धुराड्यांची भाषा समजावून सांगावी लागत नाहीं. क्रीडांगण 1942 सालीं, बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेंतून, दलदल भरून बांधलेलें. 1977 सालीं तेथील संघाचें दिवाळें निघालें असतां बेन मॉन्डोर या निवृत्त गिरणीमालकानें तो घेतला आणि तिकिटांचे दर असे ठेविले कीं कामगारानें सारें कुटुंब घेऊन यावें. 2010 सालीं त्याचें निधन झालें, तोंपर्यंत त्यानें तो नेम पाळला.

येथें सौंदर्य म्हणावें असें फारसें नव्हतें. परंतु एक गंमत होती. गड्यांची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या बांकांखालीं, मैदानाच्या पातळीला होती. वर बसलेल्या मुलांना खालचे गडी दिसत नसत. यावर मुलांनींच युक्ति काढलेली होती. दुधाची रिकामी बाटली कापून तिला दोरी बांधावयाची, आंत चेंडू व लेखणी ठेवावयाची, आणि आडांत पोहरा सोडावा तशी ती खालीं सोडावयाची. खालीं कोणी तरी चेंडूवर सही करी आणि मुलें दोरी वर ओढून घेत. माझ्या शेजारच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पोहरा वर आला तेव्हां मीं विचारलें, कीं सही कोणाची? त्यानें चेंडू फिरवून फिरवून पाहिला, बापाला दाखविला. पण अक्षर कोणासच लागेना. तरी त्यानें तो चेंडू सदऱ्याच्या टोंकानें पुसला आणि जपून खिशांत घातला.

याच मैदानावर व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत लांबलेला सामना झाला. 18 एप्रिल 1981 च्या रात्रीं पॉटकेट आणि रॉचेस्टर या संघांची गांठ पडली. नऊ डावांअंतीं बरोबरी. एकविसाव्या डावांत दोघांनीं एक एक धाव काढली, पुन्हां बरोबरी. मध्यरात्रीनंतर खेळ थांबविण्याचा नियम त्या वर्षींच्या पंचांच्या पुस्तकांत नजरचुकीनें छापावयाचा राहिला होता, म्हणून पंचांनीं खेळ चालू ठेविला. थंडी इतकी कीं गडी मोडके दांडे जाळून शेकत बसले. साखळीच्या अध्यक्षांशीं दूरध्वनीनें अखेर संपर्क झाला आणि पहांटे 4 वाजून 7 मिनिटांनीं, बत्तीस डावांनंतर, खेळ थांबला. तो दिवस ईस्टरचा होता, आणि प्रेक्षकांत 19 माणसें उरलीं होतीं. उरलेला खेळ 23 जून रोजीं झाला. त्या वेळीं थोरल्या पातीच्या गड्यांचा संप चालू असल्यामुळें देशभरचे बातमीदार त्या लहानशा गांवांत जमले. अवघ्या 18 मिनिटांत, तेहतिसाव्या डावांत, डेव्ह कोझा या गड्यानें टोला मारला आणि पॉटकेटनें 3 विरुद्ध 2 असा सामना जिंकला.

त्या सामन्यांत खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन हे दोघे पुढें कीर्तिमंदिरांत गेले. पण ज्यानें तो सामना जिंकून दिला तो कोझा थोरल्या पातींत एक दिवसहि खेळला नाहीं. धाकट्या पातीचें सारें मर्म मला या एका गोष्टींत दिसतें. येथें येणाऱ्या बहुतेकांस वरची पायरी कधींच मिळत नाहीं. लोकांना हें पक्कें ठाऊक असतें, आणि तरीहि ते त्यांना नांवानें हांक मारतात, त्यांच्यासाठीं थंडींत बसतात, न लागणाऱ्या सह्या जपून ठेवतात.

मी मॅकॉयला गेलों तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, वुस्टर शहरीं जाणार, हें आदल्या वर्षींच जाहीर झालें होतें. पण अजून 1920 नव्हे, 2020 चा पुरता हंगाम बाकी आहे, तेव्हां निरोप सावकाश घेऊं, असें गांव म्हणत होतें. मीहि मनांत म्हटलें कीं पुढच्या वर्षीं पुन्हां येऊं आणि मगच निवड करूं. 2020 सालीं महामारी आली आणि तो हंगाम झालाच नाहीं. त्या उन्हाळ्यांत मैदानावर टेबलें मांडून गांवकऱ्यांस जेवणें देण्यांत आलीं. निरोप म्हणावयाचा तर तोच. सप्टेंबर 2019 च्या आरंभीं झालेला सामना हाच तेथील या संघाचा शेवटचा सामना ठरला, आणि तो पाहणाऱ्यांस त्याची कल्पनाहि नव्हती. 2025 सालीं क्रीडांगण पाडण्याचें काम सुरू झालें. त्या जागीं शाळा व्हावयाची आहे.

आतां निवड. सोयीनें पाहिलें तर डरहॅमला तोड नाहीं. मोठेपणानें पाहिलें तर रिकवुडपुढें बाकीचीं दोन्ही खुजीं आहेत. तेथें मनुष्यानें टोपी काढून उभें राहावें. परंतु आदर निराळा आणि माया निराळी. ज्याच्याकडे परत जावेंसें वाटतें तें आवडतें, असें मी मानतों, आणि मला परत जावेंसें वाटतें तें पॉटकेटला. तें आतां शक्य नाहीं. 2019 सालीं कोणी विचारलें तेव्हांच मीं हें सांगावयास हवें होतें. त्यानें भिंती वांचल्या नसत्या हें खरें. पण त्या संध्याकाळीं, शेजारीं बसलेल्या त्या मुलास व त्याच्या बापास तरी मीं सांगितलें असतें कीं, तुमच्या गांवांत मीं पाहिलेलें सर्वांत चांगलें क्रीडांगण आहे. तें ऐकून त्यांना बरें वाटलें असतें.

श्रोत्यांपैकीं कोणी मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेस जाणार असेल तर त्यांस माझी एवढीच सूचना आहे. थोरल्या पातीचा सामना पाहाच. परंतु एक संध्याकाळ जवळच्या धाकट्या मैदानासाठीं ठेवा. अजून 120 संघ आहेत. थोडें लौकर जा, गड्यांच्या जवळचें बांक धरा, आणि तें मैदान आवडलें तर तेथल्या एखाद्या माणसाला तसें त्याच दिवशीं सांगून या.