चाकावरचा ठोका

शिल्पनिदेशक बंधू-भगिनींनो आणि पूर्णेकर मंडळी,

आपलं संमेलन पूर्णेत भरतंय, याचा मला मोठा आनंद आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गाला अकोल्याचा फाटा इथेच फुटतो. वाफेची इंजिनं होती तेव्हा या गावाची घरं फिटर, लोहार, फायरमन यांच्या पगारावर चालत.

लहानपणी फलाटावर मी एका माणसाकडे टक लावून बघायचो. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तो चाकामागून चाकावर ठोका देत जाई. चाक धड असलं की खणखणीत वाजे. तडा गेला असला की आवाज बद्द येई. गाडीभर माणसांचा जीव त्या एका कानाच्या भरवशावर पुढे जाई.

आणि अशा हाताच्या कामाबद्दल आज, दहावीचा निकाल लागला की, घरोघर काय ऐकू येतं? ‘कुठेच नंबर लागला नाही, तर आयटीआय आहेच.’

एक मुलगा मला विसरता येत नाही. चांगले गुण असूनही फिटरला आला होता, स्वतःहून. महिनाभरात वडील कागदपत्रं परत न्यायला आले. म्हणाले, ‘सर, कंत्राटी काम, आज आहे उद्या नाही. याला पोरगी कोण देणार?’ मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून टोचतं. त्यांचं भय खोटं नव्हतं, हेही मान्य करायला हवं. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे; पण उमेदवारी संपल्यावर पोरगा पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभा राहत असेल, तर नुसते सत्कार करून कारागिराची प्रतिष्ठा वाढणार नाही. आधी पगार आणि कायमची नोकरी मागू या.

पण प्रश्न निवडीचाही आहे. बलुतेदारीत सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार, विचारतो कोण? 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि कुणाच्याही मुलाला, मुलीलाही, कुठलंही हत्यार मागून घेता येऊ लागलं. काल जातीनं लादलेलं काम आज आपण दहावीच्या टक्केवारीनं लादतो आहोत. मग फरक तो काय पडला?

उलट उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर बघा. ते चित्रकार व्हायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, ते शिकवूही लागले. मग मास्तरकी सोडून बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. तरी ते मागे फिरले नाहीत, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. काम आपलं आपण निवडलेलं असलं की माणूस असा टिकतो.

उद्या सकाळी तालुक्यातली दहावीची मुलं आई-वडिलांसह येणार आहेत. त्यांच्यापुढे भाषणं नकोत. व्हाइसमध्ये लोखंडाची पट्टी आवळा आणि पोराच्या हातात कानस द्या. घासून झालं की पट्टीच्या कडेला गुण्या लावून ती खिडकीसमोर धरायला सांगा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासू दे. घाई करू नका. आणि उजेड दिसेनासा होईल तेव्हा गुण्या त्याच्या आईच्या हातात द्या. तिलाही बघू दे.