एकच दाखला, दोन खिडक्या

(इगतपुरी येथे दिव्यांग व कामगार बंधुभगिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या इगतपुरीत ‘बँकर’ म्हटले की रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे इंजिन उभे राहते. कसाऱ्याहून गाडी घाट चढू लागते तेव्हा तिला मागून जोर लावण्यासाठी ही इंजिने जोडतात आणि इगतपुरीला आल्यावर ती सोडवून घेतात. १८६५ साली हा घाटमार्ग सुरू झाला. चढ असा की दर सदतीस फुटांना एक फूट वर जावे लागते. मागून इंजिन लावले म्हणून गाडी दुबळी आहे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. चढच तसा आहे, हे सर्वांना मान्य असते. या शब्दाचा जो दुसरा, बाजारपेठेतला अर्थ आहे, त्याविषयी आज मला चार शब्द बोलायचे आहेत. रोख कोणा एका साहेबांवर नाही. ज्या रीतीने ते साहेब विचार करतात, त्या रीतीवर आहे.

प्रथम माझी हकीकत सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे बोलणे अधांतरी राहील. महामार्गालगतच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करताना माझा उजवा पंजा गेला. वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिलो. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर लिहिलेले होते : अंगठा गेला तर ३० टक्के, पंजा गेला तर ६० टक्के. कमावण्याची शक्ती तेवढी घटली असे मानायचे आणि सरासरी वेतनाच्या ९० टक्के रकमेवर तेवढ्या प्रमाणात लाभ द्यायचा. म्हणजे माझ्या वाट्याला जुन्या वेतनाच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम आली, आणि ती आजन्म मिळणार आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हा लाभ कामगारांनी झगडून मिळवलेला आहे आणि त्याच्यावरच आमची चूल पेटते.

वडिलांनी घेऊन ठेवलेली थोडी जागा होती. तिच्यावर कुडाच्या भिंती आणि गंजलेला पत्रा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो; आषाढात आमच्या घरी अंथरूण घालायला कोरडी जागा उरत नसे. दोन पक्क्या खोल्या बांधाव्यात म्हणून मी एका बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. कागद चाळून म्हणाले, “भाऊ, हा लाभ आहे, उत्पन्न नव्हे. पगाराची पावती असेल तर आणा.” मी म्हणालो, “साहेब, पगार कधीही थांबतो. हे पैसे मी जिवंत असेपर्यंत थांबणार नाहीत.” त्यावर ते म्हणाले, “ते खरे. पण हप्ता थकला तर या पैशावर आम्हाला जप्ती आणता येत नाही.” शिवाय डाव्या हाताने केलेली माझी सही त्यांच्याकडच्या जुन्या सहीशी जुळत नव्हती. ती जुळणार कशी? जुनी सही करणारा हातच राहिला नव्हता.

जप्तीचा मुद्दा नीट तपासला पाहिजे, कारण वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणि पुढे १९४८ च्या विमा कायद्याने असे ठरवले की अपंगत्वाबद्दल मिळणारी रक्कम सावकाराला गहाण घेता येऊ नये आणि न्यायालयाला जप्त करता येऊ नये. हे संरक्षण आमच्यासाठी होते; आज तेच आमच्याविरुद्ध कारण म्हणून पुढे केले जाते. पण पगार तरी कोठे सगळा जप्त होतो? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सामान्य कर्जासाठी पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश जप्तीबाहेर असतात. शिवाय घरकर्जाला खरे तारण घराचे असते. तेव्हा अडचण कायद्याची नाही. ज्याचे अंग शाबूत त्याचीच पत, ही समजूत मनात मुरलेली आहे आणि तिने कायद्याचा अंगरखा घातला आहे.

पुढे काय झाले ते ऐका. त्याच बँकेने माझ्या धाकट्या भावाला कर्ज दिले. तो कंत्राटी कामगार, पण त्याच्याजवळ पगाराची पावती होती. जागा त्याच्या एकट्याच्या नावे व्हावी म्हणून आईने आणि मी हक्कसोडपत्र करून दिले. कर्जाच्या अर्जावर डाव्या हाताची सही चालली नव्हती. हक्क सोडताना डाव्या अंगठ्याचा ठसा बिनतक्रार चालला. अकरा महिन्यांनी भावाचे कंत्राट संपले. तेव्हापासून बँकेचा हप्ता कशातून जातो? ज्याला त्यांनी उत्पन्न मानले नाही, त्याच माझ्या लाभातून. एकही हप्ता चुकलेला नाही. भाऊ सज्जन आहे, आम्ही गुण्यागोविंदाने राहतो. पण कागदावर मी त्या घरात पाहुणा आहे. ज्या बहिणीला भाऊ सज्जन मिळाला नाही, तिचे काय होत असेल, याचा विचार करा.

माझी स्थिती तरी बरी म्हणायची. आपल्यापैकी बहुसंख्यांचा आधार १९८० पासून चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये देण्याचा निर्णय झाला. त्याआधी ते १,५०० होते. अट अशी की अपंगत्व किमान ४० टक्के असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे. आता चाकाच्या खुर्चीवर बसून शिवणकाम करणारी एखादी भगिनी डोळ्यांपुढे आणा. तहसील कचेरीतून तिला उत्पन्नाचा दाखला घ्यायचा आहे. शिवणकामाचे महिन्याचे पाच हजार खरे सांगितले, तर वर्षाचे साठ हजार होतात आणि अनुदानाची खिडकी बंद होते. उत्पन्न पन्नास हजारांच्या आत दाखवले, तर कर्जाच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, “ताई, एवढ्या उत्पन्नात हप्ता कसा भरणार?” दाखला एकच, पण एका खिडकीला तो लहान हवा आणि दुसरीला मोठा. म्हणजे तिने गरीब राहावे तर घर नाही, आणि घरासाठी चार पैसे कमवावेत तर आधार नाही. जी व्यवस्था माणसाला खोटे सांगण्यावाचून मार्ग ठेवत नाही, तिला त्याच्या खोटेपणाबद्दल बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.

यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. अपंगाचे घर इतरांच्या घरापेक्षा स्वस्तात होत नाही, महागात होते. आपल्या पावसात जोते दोन फूट तरी उंच घ्यावे लागते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट. दार रुंद हवे, संडास घरात हवा, खुर्ची वळेल एवढी जागा हवी. खर्च जास्त आणि कर्ज कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्तींचे हक्क या २०१६ च्या कायद्याचे कलम १३ स्पष्ट आहे : मालमत्ता धारण करण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा आणि बँकेचे कर्ज व गहाणकर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क दिव्यांगांना राहील, हे शासनाने पाहायचे आहे. कलम ३७ प्रमाणे घरांच्या योजनांत ५ टक्के राखीव हिस्सा आहे आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम आहे. रिझर्व्ह बँकेने २००८ साली दृष्टिहीनांना कर्जासह सर्व सेवा भेदभावाविना द्याव्यात असे बँकांना बजावले, आणि २०१० साली बिगरबँक वित्तसंस्थांनाही अपंगत्वाच्या कारणावरून कर्ज नाकारू नये असे सांगितले. अग्रक्रम क्षेत्रातल्या ‘दुर्बल घटकां’च्या यादीत दिव्यांग आहेत, म्हणजे आम्हाला दिलेले कर्ज बँकेच्या उद्दिष्टात जमा होते. इतके असून मुळात आम्ही ‘अपंग’ होतो ते ‘दिव्यांग’ झालो, यापलीकडे खिडकीवर फारसा फरक पडलेला नाही.

१९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते लहान माणसाच्या दारापर्यंत पत पोचावी म्हणून. १९७२ साली ४ टक्के व्याजाची विभेदी व्याजदर योजना आली. तिच्या लाभार्थींत अपंगांचा समावेश होता. रकमांच्या मर्यादा मात्र इतक्या लहान राहिल्या की त्यांत आज न्हाणीघरही होणार नाही. तरी त्या योजनेमागचे तत्त्व मोलाचे होते. हिशेब करून पाहू. २,५०० रुपयांच्या अनुदानातले निम्मे, म्हणजे १,२५० रुपये, हप्त्याला दिले आणि मुदत वीस वर्षे धरली, तर ९ टक्के व्याजाने सुमारे १ लाख ३९ हजार रुपये कर्ज फिटते. ४ टक्के व्याजाने तोच हप्ता २ लाख ६ हजारांचे कर्ज फेडतो. शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. पण ते पैसे काम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने मिळतात. पहिले जोते उभे करायला हातात रोकड लागते. ती नसल्याने अर्धवट भिंती पावसात उभ्या राहतात. लहान, स्वस्त आणि वेळेवर मिळणारे कर्ज हवे ते यासाठी.

काही मित्र विचारतील की गरिबाला कर्जात कशाला घालता, सरकारनेच घर बांधून द्यावे. निवारा देणे ही समाजाची जबाबदारी आहेच आणि ती मागणी आपण सोडलेली नाही. पण पत ही केवळ पैशाची बाब नाही. ‘या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो’ असे समाजाने म्हणणे, ही पत. अनुदान मिळते तेव्हा आपली गरज मान्य होते. कर्ज मिळते तेव्हा आपला शब्द मान्य होतो. आपल्याला दोन्ही हवे आहेत.

उलट बाजूने असेही म्हटले जाईल की बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे. हेही खरे आहे. पतसंस्था बुडाल्या तेव्हा गरिबांच्याच ठेवी बुडाल्या. म्हणून आपण कर्जमाफी मागत नाही. जोखमीची वाटणी मागतो. कमी उत्पन्न गटाच्या घरकर्जांसाठी २०१२ साली केंद्राने हमी निधी उभारला. त्याच वाटेने राज्याने दिव्यांगांच्या लहान घरकर्जांना हमी द्यावी. अपंगत्वाचा लाभ आणि अनुदान ही कर्जासाठी नियमित उत्पन्ने धरावीत. अनुदानाची उत्पन्नमर्यादा ओलांडताच सारे अनुदान तोडू नये; कमाई वाढेल तसे ते हळूहळू कमी करावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असा राज्याचा आदेश आहे; त्यातून व्याजातला फरक भरावा. २०२२ पासून राज्याला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. हे काम त्याचे नाही तर कोणाचे?

आणि आपले काम? कर्ज नाकारले तर त्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी त्या दिवशी खुर्चीवरून उठलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. तोंडी नकार घेऊन मी घरी आलो. यापुढे कोणीही तोंडी नकार घेऊन परतू नये. एकट्याने जाऊ नये, चारजण मिळून जावे. अर्जाची पोच घ्यावी, नकाराचे कारण कागदावर मागावे आणि ते कागद एका जागी जमा करावेत. तोंडी नकार हवेत विरतो. शंभर लेखी नकार एकत्र झाले, तर त्यांचे उत्तर विधानसभेत द्यावे लागेल.

घाट आपल्याला नवा नाही. चढायचे आपणच आहे आणि आपण ते करतोच आहोत. माझा एकही हप्ता चुकलेला नाही, हे मघाशी सांगितले. मागे इंजिन जोडावे एवढीच आपली मागणी आहे, आणि घाट चढून आल्यावर घराच्या कागदावर आपले नाव असावे.