आजोबांची पलटण : जुन्या वर्तमानपत्रांतून एक शोध



पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील कित्येक घरांत पितृपक्षातील चतुर्दशीला एका पूर्वजाच्या नावाने पान वाढले जाते. शस्त्राने ज्यांना मृत्यू आला त्यांची ही तिथी. हे कोण, असे नातवंडांनी विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले ते.’ पलटण कोणती, कुठे पडले, किती वर्षांचे होते, यापैकी काहीही घरात उरलेले नसते. चांदीचे पदक असलेच तर एखाद्या दुष्काळात सोनाराकडे गेलेले. आज सत्तरीला आलेल्या पिढीचे हे आजोबा. ही पिढी आहे तोवरच त्यांच्याविषयी विचारायला घरात कोणी आहे.

या ‘बसऱ्या’चा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी फाव येथे जे सैन्य उतरले, त्याचे नाव सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. बसरा घेऊन हे सैन्य बगदादच्या दिशेने सरकले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडले आणि मागे फिरून तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत या गावात कोंडले गेले. ७ डिसेंबर १९१५ पासून सुमारे पाच महिने वेढा पडला. धान्य संपत गेले. घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले; मग ते खाण्यास धर्माची आडकाठी नाही असे सांगणाऱ्या तारा हिंदुस्थानातून मागवाव्या लागल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी, शके १८३८ चा चैत्र सरत असताना, सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. वेढा फोडू पाहणाऱ्या सैन्याचे सुमारे २३ हजार लोक जायबंदी वा ठार झाले, ते वेगळेच.

शोध घेणाराने आरंभ घरातूनच करावा. पदक उरले असेल तर त्याची कडा भिंगाखाली पाहावी. तिच्यावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नसेल तर श्राद्धाची तिथी हाच पुरावा. जुन्या पंचांगावरून तिथीची तारीख निघते, आणि तारीख मिळाली की वर्तमानपत्राचा गठ्ठा कुठून उघडायचा ते कळते. ‘केसरी’ तेव्हा दर मंगळवारी निघे, तर ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक झालेला होता. पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत, कोकणातील आणि देशावरील नगर वाचनालयांत असे गठ्ठे मिळतात. मात्र पाने इतकी ठिसूळ झालेली असतात की ग्रंथपालाला विचारल्यावाचून हात लावू नये. घटनेच्या दिवशीचाच अंक पाहून थांबणारा हमखास फसतो. समुद्रापलीकडची वार्ता गावापर्यंत पोचायला आठवडे, कधी महिने लागत. म्हणून पुढच्या तीन-चार महिन्यांचे अंक चाळावे लागतात. आजोबांचे नाव मोठ्या मथळ्यात शोधू नये. तालुक्याच्या बातमीपत्रात, भरतीच्या सभेच्या वृत्तांतात, वर्गणीच्या यादीत, कोर्टकचेरीच्या चार ओळींत ते दडलेले असण्याचा संभव अधिक.

आणि जिथे काहीच सापडत नाही, तिथेही थांबून विचार करावा. १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आणि १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट संपादकाच्या मानेवर होते. पराभवाची वार्ता छापण्यात जामीन जप्त होण्याचा धोका होता. गंमत अशी की, सरकारच देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे गुप्तपणे तयार करवीत असे. मूळ अंक नष्ट झाला तरी त्यातील मजकुराचा सारांश मुंबईच्या पुराभिलेखागारात हाती लागू शकतो. पहारेकऱ्याची वही आज चोरीला गेलेल्या मालाची यादी म्हणून उपयोगी पडते.

अडचण आणखी एक. १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११० वी मराठा ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली, ११७ वी पाचवी. त्यामुळे आजोबा ‘तिसऱ्या मराठ्यात’ होते की ‘एकशेदहात’, यावरून दोन भाऊ आयुष्यभर वाद घालतात आणि दोघेही बरोबर असतात. नेमकी पलटण कळली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला नेमका प्रश्न विचारता येतो. ‘आमचे आजोबा सैन्यात होते’ एवढ्यावर तिथे कोण काय शोधणार?

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादीही आज पाहता येते. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. पण हिंदी शिपायांची नावे भिंतीवर कोरली गेली नाहीत, तिथे केवळ आकडे दिले. या भेदभावाची कबुली आयोगाने २०२१ मध्ये दिली. आपल्या गावांतील संगमरवरी शिळाही तशाच : इतके गेले, इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. आयोगाच्या याद्यांत मात्र पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गाव मिळते. इंग्रजी लिपीने केलेली त्यांची मोडतोड सुधारण्याचे काम मराठी कानच करू शकतो.

शोधाअंती जे हाती लागेल ते घरातील कथेशी जुळेलच असे नाही. चतुर्दशीला ज्यांचे पान वाढतो, ते रणात पडलेच नव्हते, कुतहून कैदी म्हणून उन्हातून चालवले गेले, बगदाद-मोसूलच्या वाटेवर वा रास-अल-ऐनच्या लोहमार्गावर खडी फोडताना आमांशाने गेले, असे निघू शकते. काही घरांना हे ऐकणे जड जाते. पराभवाची आणि कैदेची लाज वाटते. वास्तविक पाच महिने उपाशी राहून ज्यांनी शस्त्र खाली ठेवले नाही, आणि सेनापतीने ठेवायला सांगितले तेव्हाच ठेवले, त्यांच्यासाठी लाज कसली? राज्य परक्यांचे होते, युद्ध परक्यांचे होते. निष्ठा आणि सोशिकता मात्र त्या शिपायांची स्वतःची होती.

मग श्राद्धाची तिथी बदलायची काय? एखाद्या घरात हा प्रश्न खरोखरच उभा राहील. ते त्या घराने आणि त्यांच्या उपाध्यायांनी पाहावे. पान वाढताना आता नावापुढे पलटणीचा क्रमांकही उच्चारता येईल.