मधल्या वेळात काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला काय द्यायचं, यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. स्मार्ट बोर्डाच्या बाजूने मतं जास्त आहेत. माझं मत प्रयोगशाळेला आहे. ते का, एवढंच सांगायला मी उभी आहे.

१९९५ साल आठवा. नववीचा वर्ग. बाईंनी पोटॅशियम क्लोरेटमध्ये चिमूटभर काळी पूड, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, घालून परीक्षानळी तापवली. निखारा असलेली काडी आत धरली आणि ती भपकन पेटली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी नळीतला ऐवज पाण्यात विरघळवून गाळला, काळी पूड वाळवली आणि तिचं वजन केलं. जेवढी घातली, जवळजवळ तेवढीच. मग फळ्यावर व्याख्या आली: अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक.

तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, वजन तेवढंच भरलं, पण मधल्या वेळात पुडीला काय झालं?" (विचारणारा आज समोर बसून हसतोय.) बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. वजनकाट्याला मधलं कळत नाही. ते पाहायला वेगळा डोळा लागेल."

मी पुढे इंजिनिअर झाले, कोड लिहू लागले. रसायनशास्त्र मागे पडलं. मागच्या वर्षी आमची जुनी गाडी पीयूसीत नापास झाली. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, कॅट गेला." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. किंमत ऐकून मी विचारलं, यात सोनं असतं का? तो म्हणाला, सोनं नाही, प्लॅटिनम. त्या रात्री मी वाचायला बसले.

गंमत अशी की आपण नववीत होतो त्याच वर्षी, १ एप्रिल १९९५ पासून, मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आलं, कारण शिसं धातूच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि तो निकामी करतं. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यावर ऑक्सिजनला भेटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

हे कसं घडतं? आपली वाशीची लोकल डोळ्यांसमोर आणा. कार्बन मोनॉक्साइडला एक सीट पुरते. ऑक्सिजनच्या रेणूला मात्र शेजारशेजारच्या दोन रिकाम्या सीट लागतात, कारण बसताना त्याचे दोन तुकडे होतात. थंड इंजिन सुरू केलं की सगळा डबा कार्बन मोनॉक्साइडने भरलेला असतो. ऑक्सिजन दारातच उभा. धातू तापला की काही जण उठतात, जागा होते आणि काम सुरू होतं.

पण खरी मजा पुढे आहे. प्लॅटिनमच्या काही पृष्ठभागांवर, कोण बसलंय त्यानुसार सीटच आपली रचना बदलतात! कार्बन मोनॉक्साइड दाटला की वरच्या थरातले अणू सरकतात आणि ऑक्सिजनला बसणं सोपं होतं. ऑक्सिजन बसला की कार्बन मोनॉक्साइड संपतो, आणि अणू पुन्हा पहिल्या जागी जातात. हे चक्र चालूच राहतं. बर्लिनमध्ये गेऱ्हार्ड एर्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिनील प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांचं चित्र पडद्यावर पाहिलं. ऑक्सिजनची जागा गडद, कार्बन मोनॉक्साइडची उजळ. पडद्यावर चकलीसारखे वळसे फिरत, पसरत होते. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. एर्टलना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याही आधी, ११ ऑक्टोबर १९५५ ला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या अतितीक्ष्ण सुईच्या टोकावरचे सुटे अणू पाहिले होते. या तऱ्हेच्या सूक्ष्मदर्शनाचं काम आपल्या पुणे विद्यापीठातही झालं आहे. तीच सुई आता अभिक्रिया पाहायला वापरतात, कारण तिचं टोक उत्प्रेरकाच्या एका कणासारखंच असतं, अनेक पैलूंचं. २०२१ मध्ये व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी ऱ्होडियमच्या अशा टोकावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी होताना पाहिलं. कण एकच, पण वेगवेगळ्या पैलूंवर अभिक्रिया वेगवेगळ्या तालात चालू-बंद होत होती.

म्हणजे बाई, आपली व्याख्या चुकीची नव्हती, पण ती फक्त सुरुवात आणि शेवट सांगत होती. उत्प्रेरक शेवटी होता तसा दिसतो. मधल्या वेळात तो सारखा बदलत असतो, आणि बदलतो म्हणूनच काम होतं. माझ्या कामातही हेच आहे. उत्तर बरोबर आलं म्हणजे प्रोग्रॅम आत काय करतोय ते कळलं, असं होत नाही.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायन कारखान्यांत शिफ्टला जायचे. तिथल्या टाक्यांच्या आत काय घडतं, हे आपण घरी कधी विचारलं नाही. वर्गात मात्र विचारू शकलो, कारण समोर परीक्षानळी होती आणि "मला माहीत नाही" म्हणणाऱ्या बाई होत्या.

आज शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि मुलं प्रयोग व्हिडिओत बघतात. व्हिडिओत काडी दर वेळी पेटते. शेवटच्या बाकावरून कोणी काही विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं: परीक्षानळ्या, एक चांगला वजनकाटा आणि दहा साधे सूक्ष्मदर्शक देऊ. त्यांतून अणू दिसणार नाहीत, पण कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसतील. कुलूप उघडायला तेवढं पुरेल.

बाई, तुमचं उत्तर आणायला तीस वर्षं लागली. उशिराबद्दल माफ करा.

मतदानाची वही दाराजवळच्या टेबलावर आहे. जेवायला जाण्याआधी सही करून जा.